सोनईचा गारठा आणि त्यावरचे उतारे

पंचांगाने हेमंत आणि शिशिर असे दोन ऋतू थंडीसाठी राखून ठेवले आहेत. आमच्या सोनईत त्यांना कोणी विचारत नाही. इथे थंडी सुरू होते ती मुळा साखर कारखान्याचा बॉयलर पेटला की. दसऱ्याच्या आसपास अग्निप्रदीपनाचा कार्यक्रम होतो, फेटे बांधले जातात, भाषणे होतात. त्या दिवशी ऑक्टोबरच्या उन्हाने प्रमुख पाहुण्यांच्या मानेवरून घाम ओघळत असला, तरी घरी परतलेला प्रत्येक सभासद माळ्यावरच्या पेटीतून कानटोपी खाली काढायला सांगतोच. बॉयलर पेटला म्हणजे थंडी आली. हवामान खात्याचे मागाहून येईल.

पुढे गव्हाणीत मोळी पडते आणि हिवाळा अधिकृत होतो. गाळप कधी सुरू करायचे हे मुंबईत मंत्रिसमिती ठरवते. 2024 साली तारीख निघाली 15 नोव्हेंबर, 2025 साली 1 नोव्हेंबर. म्हणजे सरकारने एका फटक्यात आमचा हिवाळा पंधरवड्याने वाढवला आणि थंडीला साधे विचारलेही नाही. जाण्याचेही तसेच. म्हातारी माणसे सांगतात, थंडी महाशिवरात्रीला 'शिव शिव' म्हणत निघून जाते. आमच्याकडे ती कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपले, की जाते. ऊस जास्त असला तर थंडीही जास्त दिवस मुक्काम करते, असा इथला अनुभव आहे.

एवढ्या लांबलचक हिवाळ्यात तब्येत सांभाळायची, हातपाय हलते ठेवायचे आणि जिवंत राहायचे, यासाठी आमच्याकडे उपायांची कमी नाही. खरे सांगायचे तर थंडीपेक्षा उपायच जास्त आहेत. आमच्या नगर जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले, तरी गारठा जुन्याच नावाने पडतो. पारा एक आकडी झाला की टीव्हीवाले 'महाराष्ट्र गारठला' म्हणत निफाड आणि महाबळेश्वर दाखवतात. सोनईचे नाव कोणी घेत नाही. आम्ही आमचे गुपचूप कुडकुडतो.

यावर परदेशात राहणारे भाचे-पुतणे हसतात. टोरांटोहून व्हिडिओ कॉल येतो, बाहेर उणे 15, आणि हा गडी अर्ध्या बाहीच्या बनियनवर बसून आइस्क्रीम खात असतो. इकडे सोनईत बाहेर 9 अंश आणि मावशी स्वेटर, शाल, वर सोलापुरी चादर अशा तिहेरी बंदोबस्तात. "मावशी, नऊला एवढी थंडी?" मावशीने त्याला एकाच वाक्यात गप्प केले, "आरं, तुझं नऊ बाहेर असतं, आमचं नऊ घरात असतं." हवामानशास्त्र यापेक्षा जास्त काही सांगत नाही. कॅनडातले घर आतून 20-21 अंशांवर तापवलेले असते. आमचे घर उन्हाळ्याचा विचार करून बांधलेले. वर पत्रा नाहीतर स्लॅब, खाली शहाबादी फरशी, खिडकीच्या झडपेला बोटभर फट. जे बाहेर तेच आत. पहाटे चारला त्या फरशीवर अनवाणी पाय ठेवून बघावा, म्हणजे थंड देशांबद्दलचा न्यूनगंड कायमचा जातो.

पहिला उतारा कपड्यांचा. थंडी माणसाच्या कानातून आत शिरते, हा आमचा पक्का सिद्धान्त आहे. त्यामुळे कानटोपी, त्यावर मफलर, मफलरची गाठ हनुवटीखाली, अशी डोक्याची पूर्ण तटबंदी होते. डोळे तेवढे उघडे, तेही समोर कोण येतेय हे कळावे म्हणून. मग नजर खाली खाली येते आणि पायांत रबरी स्लीपर दिसते. मोजा नाही, बूट नाही, भेगाळलेली टाच सोनईच्या हवेला मोकळी. थंडीला पायांतून आत यायची परवानगीच नाही, असे बहुधा गृहीत धरलेले असावे. मोटारसायकलवाल्यांची पद्धत वेगळी. ते शर्टाच्या आत छातीवर वर्तमानपत्र लावतात. वारा अडतो, ही गोष्ट खरी आहे. कागदाच्या घड्यांत हवा धरली जाते आणि तीच ऊब देते. मराठी वर्तमानपत्राचा खप का टिकून आहे, याचे एक कारण हेही असू शकेल.

दुसरा उतारा, मॉर्निंग वॉक. हा अलीकडचा. गावातले निवृत्त गुरुजी, सोसायटीचे माजी सचिव, कारखान्यातून सुटलेले स्लिप बॉय, सगळे पहाटे पाचला बाहेर पडतात. उन्हाळ्यात हेच लोक साडेसहाला उठतात. थंडीत मात्र पाचच. कारण डॉक्टरांनी 'थंडीत व्यायाम करा' असे सांगितले आहे आणि व्यायाम जितका लवकर तितका जास्त लागू पडतो, अशी समजूत आहे. डॉक्टरांचे दुसरे वाक्य ऐकायला कोणी थांबलेले नसते. थंडीत कातडीजवळच्या रक्तवाहिन्या आवळतात, त्यामुळे रक्तदाब चढतो, हृदयाला जोर लावावा लागतो. हृदयविकाराचे झटके हिवाळ्यात जास्त आणि दिवसात बघितले तर सकाळच्या प्रहरी जास्त, हे जगभरच्या डॉक्टरांनी नोंदवून ठेवले आहे. शिवाय पहाटे गार हवा जमिनीलगत बसते आणि चुलींचा, शेकोट्यांचा, पाचट पेटवल्याचा सगळा धूर तिच्यातच अडकून राहतो. ज्याला आमचे गुरुजी 'शुद्ध प्राणवायू' म्हणत नाकाने ओढतात, त्यात निम्मी शेजाऱ्याची चूल असते. सात-साडेसातला ऊन अंगावर आल्यावर, घरात चार मिनिटे हातपाय हलवून मग निघाले, तरी चालणे तेवढेच होते. पण साडेसातला फिरणाऱ्याला सोनईत फिरणारा म्हणत नाहीत. रिकामटेकडा म्हणतात.

फिरणे कसले, बोलणे जास्त. चार पावले चालायचे आणि उसाची पहिली उचल किती बसणार यावर थांबायचे. पुन्हा चार पावले आणि घोडेगावला कांदा काय भावाने गेला. कांद्याचा भाव पडलेला असेल तर त्या दिवशी चालणे भरभर होते, हे लक्षात येण्यासारखे आहे. परतताना स्टँडवर चहा, बरोबर गरम भजी, आणि मग "आज पाच किलोमीटर झालं" असे घरी सांगायचे.

तिथून माणूस सरळ शेकोटीवर येतो. हा तिसरा उतारा. शेकोटीत काय जळत नाही ते विचारा. पाचट, तुराट्या, खोकी, चहाचे कागदी कप आणि फार गारठा असला तर मोटारसायकलचे जुने टायर. टायरचा धूर फुप्फुसाला किती घातक असतो हे शेकोटीवरच्या प्रत्येकाला माहीत असते, कारण त्याच शेकोटीवर दिल्लीच्या प्रदूषणावर गंभीर चर्चा झालेली असते. शेकोटीचा एक स्वभाव आहे, ती पुढून भाजते आणि मागून गारठवते. म्हणून माणसे मध्येच फिरून पाठ करतात. बोलणे मात्र तसेच चालू राहते, फक्त आता समोरच्याऐवजी रस्त्याकडे बघून. नवख्या माणसाला वाटते, सगळे भांडून बसलेत.

अंघोळ हा विषय स्वतंत्र लेखाचा आहे, पण ओघात सांगून टाकतो. तांब्याच्या बंबातले पाणी कढत असते, प्रश्न पाण्याचा नसतो, पहिल्या तांब्याचा असतो. माणूस मोरीत उभा राहतो. तांब्या भरतो. तो डाव्या पायाच्या अंगठ्यावर थोडा ओततो. मग उजव्या. मग घोट्यापर्यंत. मग काहीतरी आठवल्यासारखे करून बादलीत गार पाणी मिसळतो, पुन्हा हात घालून बघतो, पुन्हा गरम मिसळतो. बाहेरून आवाज येतो, "झाली का?" आतून उत्तर जाते, "होतंय." अजून पाणी गुडघ्याच्या वर गेलेले नसते. शेवटी 'हर हर गंगे' अशी आरोळी ठोकली की ओळखावे, तांब्या डोक्यावर पडला. काही घरांत ही आरोळी येते, पाणी मात्र पडल्याचा आवाज येत नाही. त्याला काकस्नान म्हणतात. एवढ्या खटाटोपाने मिळवलेले कढत पाणी कातडीचे उरलेसुरले तेलही धुऊन नेते, मग अंग फुटते, खाज सुटते. कोमट पाणी आणि अंघोळीनंतर ओल्या अंगावरच तेलाचा हात, एवढ्याने भागते. पण कोमट या शब्दाला आमच्याकडे डिसेंबरात किंमत नाही.

थंडीत शनिशिंगणापूरची आठवण हमखास निघते. सोनईपासून ते पाच-सहा किलोमीटरवर. पूर्वी तिथे पुरुष भाविक अंघोळ करून ओलेत्याने चौथऱ्यावर जात आणि तेल वाहत. चौथरा उघडा, वर छप्पर नाही. पौष अमावस्येच्या पहाटे ओल्या वस्त्रात उभे राहून ज्याने तेल वाहिले, त्याची साडेसाती तिथल्या तिथे भोगून होत असली पाहिजे.

खाण्याच्या बाबतीत मात्र हिवाळ्यावर आमची काही तक्रार नाही. बाजरीची भाकरी, वर लोण्याचा गोळा, भरीत, हिरव्या मिरचीचा ठेचा, डिंकाचे लाडू, मेथीचे लाडू. शेवगावकडून कोणी ओळखीचा असेल तर आगटीवर भाजलेला हुरडा, बरोबर शेंगदाण्याची चटणी आणि गुळाचा खडा. संक्रांतीच्या आदल्या दिवशी तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि सगळ्या शेंगाभाज्यांची भोगी. न खाई भोगी तो सदा रोगी, ही म्हण आम्ही इतकी मनावर घेतली आहे की भोगी आठवडाभर चालते. यातले सगळे पदार्थ उत्तम आहेत, फक्त ते ज्यांच्यासाठी तयार झाले ती माणसे दिवसभर मोट हाकत होती. आम्ही तोच लाडू खातो आणि रिमोट हाकतो. बाळंतिणीला बळ यावे म्हणून केलेला डिंकाचा लाडू घरातले बिनबाळंतपणाचे पुरुष दिवसाला तीन खातात, हे मी अनेक घरांत पाहिले आहे. तहान मात्र कोणाला लागत नाही. पाणी प्यायचे ते बीपीची गोळी गिळण्यापुरते. थंडीत घाम दिसत नाही म्हणून शरीरातले पाणी कमी होत नाही असे नाही, पण हे सांगितले की समोरचा म्हणतो, "चहा घेतो ना दिवसातनं सहा वेळा."

मग येते ऊन खाणे. मारुतीच्या पारावर आठ वाजता कोवळ्या उन्हात ओळीने पाठी करून बसलेली मंडळी 'डी व्हिटॅमिन घेतोय' असे सांगतात. ही माहिती मोबाइलवरून आलेली. कोवळ्या उन्हाने सांधे सैल होतात, मन प्रसन्न होते, सुनेच्या कामात अडथळा येत नाही, हे फायदे निर्विवाद आहेत. पण कातडीला डी जीवनसत्त्व बनवायला लागणारे किरण कोवळ्या उन्हात फारसे नसतात, ते अकरा ते दोनच्या उन्हात असतात. त्या वेळी ही मंडळी जेवून, पांघरूण घेऊन, घरात झोपलेली असतात.

इथवर ज्यांच्याबद्दल लिहिले ते सगळे बसणारे लोक. 'हिवाळ्यात हालचाल ठेवा' हा सल्ला त्यांच्यासाठीच निघालेला आहे. कारखान्याच्या कडेला कोप्यांमध्ये उतरलेल्या ऊसतोडीच्या टोळ्यांना हा सल्ला कोणी देऊन बघावा. पाथर्डीकडून, बीडकडून आलेले हे लोक. नवरा-बायको मिळून एक कोयता. पहाटे तीन-चारला उठायचे, भाकऱ्या थापून फडात जायचे. दवाने उसाचे पाचट ओले, धार लावल्यासारखे, बोटे बधिर. मोळ्या बांधायच्या, डोक्यावर घेऊन ट्रॉलीत चढवायच्या. यांना स्मार्ट घड्याळ बांधले तर ते सकाळी नऊलाच 'आजचे उद्दिष्ट पूर्ण' असे सांगून बंद पडेल. त्यांना हालचाल नको आहे, कोपीत शिरणारा वारा अडवायला एक ताडपत्री जास्तीची पाहिजे आहे.

दुसरे गारठ्याचे मानकरी शेतकरी. मुळा धरणात 26 टीएमसी पाणी, रब्बीचे आवर्तन सुटलेले, गहू तहानलेला, विहिरीला पाणी, सगळे जमून आले. आणि शेतीची वीज काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी आली की कोणाच्या घरी फोन केला तर उत्तर येते, "ते दारं धरायला गेलेत." एकच्या सुमारास, अंगावर घोंगडी, पायजमा गुडघ्यापर्यंत खोचलेला, पोटऱ्या बर्फासारख्या पाण्यात, हातात फावडे. मंत्री दरवर्षी दिवसा वीज देणार असतात, सौर फीडर हळूहळू येतही आहेत, तोवर गहू आणि शेतकरी दोघेही रात्रीच पाणी पितात. या माणसाला दुसऱ्या दिवशी ताप आला की डॉक्टर विचारतात, "थंडीत बाहेर कशाला फिरता?"

त्यात बिबट्या. ऊस हे त्याचे आता घरच झाले आहे. आपल्याच जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय यांनी कॅमेरे लावून अभ्यास केला, 2013 साली तो प्रसिद्ध झाला. जंगल नाही, नुसती शेती आणि माणसांची वस्ती, तरी दर 100 चौरस किलोमीटरला सुमारे 5 बिबटे निघाले. तोड सुरू झाली की त्याचे घर जाते आणि तो पुढच्या फडात सरकतो, कधी पिल्ले मागे राहतात. वनखाते सांगते, एकटे जाऊ नका, बॅटरी ठेवा, आवाज करत चला, वाकून किंवा बसून काम करताना कोणीतरी उभे राहून लक्ष ठेवा. आवाजाचा मुद्दा लोकांनी फार मनापासून उचलला आहे. हल्ली रात्री शिवारातून मोबाइलवर मोठ्याने गाणी लावून माणसे जातात. एका बांधावरून लावणी, दुसऱ्यावरून हरिपाठ. बिबट्याला कुठल्याने जास्त भीती वाटते याचा अभ्यास अजून व्हायचा आहे. दारे धरणाऱ्याने गमबूट घालावेत हे आणखी महत्त्वाचे, कारण सगळे साप थंडीत झोपतात या भरवशावर राहता येत नाही. घोणस या दिवसांत बाहेर असते.

पण सोनईच्या हिवाळ्यात मला सर्वांत जास्त भीती बिबट्याची वाटत नाही, रस्त्याची वाटते. राहुरीहून सोनईमार्गे शिंगणापूरचा रस्ता जातो. शिर्डी उरकून शिंगणापूर गाठायची घाई असलेल्या गाड्या, कडेला बैलाने फिरणारे लाकडी घाणे असलेल्या रसवंत्या, आणि मधोमध उसाने लादलेला ट्रॅक्टर, मागे दोन ट्रॉल्या. ट्रॉलीच्या दोन्ही बाजूंनी ऊस हातभर बाहेर. ट्रॅक्टरवर स्पीकर एवढा मोठा, की दोन फर्लांगावरून गाणे ऐकू यावे. रंगीत दिवे पुढच्या बाजूला, चालकाच्या डोक्यावर, नवरात्रासारखे. मागे मात्र अंधार. धुई पडलेल्या पहाटे मागून येणाऱ्याला आधी गाणे ऐकू येते आणि मग एकदम ऊस दिसतो. कारखाने आणि आरटीओ हंगामाच्या सुरुवातीला रिफ्लेक्टर लावतात, लाल कापड बांधतात. कापड चार फेऱ्यांत पाचटाच्या रंगाचे होते, रिफ्लेक्टर चिखलाखाली जातो. ज्या माणसाने गाण्यासाठी हजारो रुपयांचा डेक बसवला, त्याला मागे लाल पट्टी पुसायला फडके मिळत नाही, हे कोडे मला सुटलेले नाही.

आणि शेवटचा उतारा शेगडी. हा सगळ्यांत निरुपद्रवी दिसतो आणि सगळ्यांत जास्त फसवतो. रात्री निखारे भरलेली शेगडी किंवा घमेले खोलीत आणायचे, दारे-खिडक्या घट्ट लावायच्या, फटींत चिंध्या कोंबायच्या आणि झोपायचे. निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, धूरही दिसत नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा 200 पटीहून जास्त घट्ट चिकटतो. माणसाला गुदमरल्यासारखे वाटत नाही, फक्त गाढ झोप लागते, आणि ऊबदार झोप लागली म्हणून तो सुखात असतो. मोरीत बसवलेला गॅस गीझर हाच घात करतो. या एका बाबतीत शिंगणापूर आमच्या पुढे आहे. तिथल्या घरांना परंपरेने दारेच नाहीत. युको बँकेनेही 2011 साली तिथे बिनकुलुपाची शाखा काढली. लोक याला श्रद्धा म्हणतात, मी वायुवीजन म्हणतो. चोराला आत येता येते असे घर शेगडीच्या दृष्टीने सर्वांत सुरक्षित.

सोनईला शनीचा शेजार असला, तरी घरांना दारे आहेत आणि माणसांना ती लावायची सवय आहे. म्हणून एवढेच सांगतो. पांघरुणे हवी तेवढी घ्या, कानटोपी घाला, लाडू खा, कोणी काही म्हणणार नाही. शेगडी मात्र झोपायच्या आधी अंगणात ठेवा, न्हाणीघराची झडप उघडी राहू द्या, आणि घरात ट्रॅक्टर असेल तर उद्या सकाळी फिरायला निघण्यापूर्वी ट्रॉलीच्या मागचा रिफ्लेक्टर पुसून घ्या. तेवढे वाकणे कंबरेलाही चांगले.